शिट्टी नाही, तर तेल नाही

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या त्या गावात हिवाळा निघतो तो तळघरातल्या तेलाच्या टाकीवर; घर गरम ठेवणारी भट्टी त्याच तेलावर चालते. रस्ते बर्फाने अडले होते, म्हणून ड्वाइटची तेलाची गाडी आठवडाभर आलीच नव्हती. थेल्माच्या टाकीचा काटा तळाला टेकला होता, आणि आज संध्याकाळी पुन्हा वादळ येणार होतं. गाडी दारात दिसताच ती धावत बाहेर आली, पण ओठांवर बोट ठेवून.

"हळू रे! एल्वुडचा आत्ताच डोळा लागलाय. आठवडा झाला, पाठदुखीने झोप नाही माणसाला."

ड्वाइटने टाकीच्या भिंतीतल्या तोंडाला नळी जोडली, चाप दाबला आणि लगेच सोडला.

"काकू, शिट्टी वाजत नाहीये."

तेल आत शिरलं की टाकीतली हवा दुसऱ्या नळीतून बाहेर पडते आणि तिची शिट्टी वाजते. टाकी भरली की शिट्टी थांबते.

"नाही तर नाही. तू ओत की गुपचूप."

"आणि टाकी फुटून तळघरात तेलाचं तळं झालं म्हणजे? शिट्टी नाही, तर तेल नाही."

तो खरोखरच नळी गुंडाळू लागला. थेल्माच्या तोंडचं पाणी पळालं.

"थांब रे बाबा! सकाळी मीच त्या नळीत मोजा कोंबलाय. मेली त्याच्या उशाशीच किंचाळते."

ड्वाइटला हसू आवरेना. "नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, काकू. टाकीचं नाक दाबलं तर पोट फुटतं!"

"तुला काय जातंय दात काढायला!"

तिने नवऱ्याच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं. झोप मोडावी, की त्याला गारठू द्यावं? शेवटी तिने बर्फ उकरून मोजा ओढून काढला. ड्वाइटने चाप दाबला. अशी शिट्टी घुमली, की थेल्मा तशीच आत पळाली.

एल्वुड डोळे उघडून पडला होता.

"उठवलंच ना तुला?"

"तेल आलं?"

"आलं."

"मग सांगायचं नाही, वेडाबाई? भट्टी कधी विझतेय म्हणून रात्र-रात्र कान लावून पडलोय. तू गारठली असतीस."

"अरे देवा! मला वाटलं, पाठ झोपू देत नाही."

"पाठ कसली!"

थेल्मा पलंगाच्या कडेला टेकली. बाहेर शिट्टी चालूच होती. ती थांबण्याआधीच एल्वुड घोरायला लागला.