कोमट इंजिन

बॉनेट उचलून दादाने सवयीने इंजिनावर हात ठेवला आणि तो हात तिथेच राहिला. इंजिन कोमट होतं.

"सकाळी चालू केली होतीस का रे?"

"मी? छे." धाकटा भाऊ दारात उभा राहून चहा फुंकत होता. "तूच बजावलंयस ना, हात लावायचा नाही म्हणून."

बजावलं होतं खरं. वडिलांच्या या गाडीने सगळा जन्म कार्बोरेटरवर काढलेला. धाकट्याच्या डोक्यात कॉम्प्युटरने मोजून पेट्रोल सोडणाऱ्या फ्युएल इंजेक्शनचं खूळ शिरलं, तेव्हा उभ्या आयुष्यात न केलेलं काम दादाने अंगावर घेतलं. कार्बोरेटर काढला, पेट्रोलच्या नव्या नळ्या, इंजेक्टर, सेन्सर, कॉम्प्युटरचा डबा, सगळं बसवलं. एकदा तापली की गाडीची काही तक्रार नसे. घोडं अडलं होतं ते सकाळच्या पहिल्या स्टार्टपाशी. गार इंजिनाला पेट्रोल किती जास्त द्यायचं, ते लॅपटॉपवर आकडे बदलून ठरवायचं आणि ते तपासायची संधी दिवसातून एकदाच. इंजिन तापलं की दुसऱ्या दिवसापर्यंत हात चोळत बसा. म्हणून दादा रोज उजाडता इथे, धाकट्याच्या घरी यायचा, आकडे बदलायचा, गाडी खोकायची आणि बंद पडायची.

"ही एकदा मार्गी लागू दे, माझे सगळे जुन्या गाड्यांवाले मित्र तुझ्याकडेच पाठवतो," असं धाकटा म्हणाला होता. गॅरेजात माश्या मारत बसायची पाळी आलेल्या दादाने त्या शब्दावर भलतीच भिस्त ठेवली होती.

"मार ना स्टार्टर," धाकटा म्हणाला, जरा घाईनेच.

गाडी एका दमात सुरू झाली. कोमट इंजिन सुरू होणारच, त्यात मर्दुमकी ती कसली.

"जमलं की, दादा. म्हटलं नव्हतं मी?" धाकट्याने पाठीवर थाप मारली.

दादा लॅपटॉपकडे बघत होता. त्याचे कालचे आकडे तिथे नव्हते. सगळा तक्ता कुणीतरी नव्याने भरला होता, आणि सुरेख भरला होता. तो इंजिनावर वाकला. हवेच्या झडपेच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा हिरवा ठिपका होता.

पक्क्या केलेल्या स्क्रूवर ठिपका द्यायची पद्धत दादाचीच. त्याचा ठिपका लाल. हिरवा त्याच्या जुन्या भागीदाराचा. तो दादाच्याच हाताखाली शिकला आणि एके दिवशी निम्मी गिऱ्हाइकं घेऊन वेगळा झाला. "त्याचं तोंड बघणार नाही," म्हणून तेव्हा दादापेक्षा जास्त तणतणला होता तो हाच धाकटा.

भागीदार गेला तेव्हा चार लोकांत शिव्या देऊन राग काढता तरी आला होता. सख्ख्या भावाने त्याच माणसाला चोरून घरी आणलं, हे बोलायचं कुणापाशी?

"कधी आला होता तो?"

"कोण?"

दादाने ठिपक्यावर बोट ठेवलं.

धाकट्याने कप खाली ठेवला. "पहाटे. तुला वाईट वाटू नये म्हणून रे. म्हटलं, तो करून जाईल, तू आलास की सुरू होईल. तुला वाटलं असतं तूच केलीस."

"आणि तुझ्या मित्रांच्या गाड्या?"

धाकट्याने मान खाली घातली. "त्या त्याच्याकडे गेल्यात. मागच्याच आठवड्यात."

दादा लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिला. "मला सांगायचं होतंस. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो असतो. कसं करतो ते शिकलो असतो."

"त्याच्याकडून? तुला चाललं असतं?"

"ते मला विचारायचं होतंस."

त्याने बॉनेट आपटलं नाही, दोन्ही हातांनी दाबून बसवलं. गाडी चालूच ठेवून तो फाटकाबाहेर पडला. धाकट्याने मागून दोनदा हाक मारली. कोपऱ्यापर्यंत इंजिनाचा आवाज येत होता. दादाला तो ऐकायचा नव्हता, तरी कान त्यात चूक शोधत होते. चूक कुठेच नव्हती.