बोटीवरची जागा

बोटीचे तिकीट एजंटाकडूनच काढायचे असते, हे खाला त्या मे महिन्यात मला रोज ऐकवत होती. सकाळी चहाबरोबर, दुपारी जेवताना, आणि संध्याकाळी मी कामावरून आलो की पायातल्या चपला काढायच्या आत. मी लोणावळा स्टेशनावर तिकीटबाबू. उभे आयुष्य खिडकीमागे बसून लोकांना तिकिटे दिली. आणि तिकीट कसे काढायचे ते ही बाई मला शिकवणार.

खाला म्हणजे माझी सासू, खतीजाबी. माझ्या आईची धाकटी बहीण, म्हणून लग्नानंतरही मी तिला खालाच म्हणत राहिलो. तिचे घर खाली कोकणात, हर्णै बंदराजवळ. माझी बायको नजमा आजारी पडली तेव्हा ती तिच्या सेवेला आली. थंडीत नजमा गेली. खाला राहिली. मूलबाळ आम्हाला झाले नाही. घरात आम्ही दोघेच उरलो, आणि दोघेही एकमेकांवर चिडलेले.

नजमाने जाण्याआधी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "अम्मीला पावसाच्या आधी घरी पोचवा. बसने नको, तिला घाट सोसत नाही. बोटीने न्या. आणि तिला नीट आडवं होता येईल एवढं बघा." खालाची कंबर पूर्वी पडून मोडलेली. तासभर बसली की तिच्या तोंडाचा रंग जातो. मी नजमाला हो म्हटले होते. मेअखेर बोटी बंद होतात, त्या गणपती झाल्यावर सुरू होतात. लोणावळ्याचा पाऊस खालाच्या कंबरेला झेपणार नव्हता, हे डॉक्टरनेही सांगितले होते.

म्हणजे न्यायचे तर मेमध्येच न्यायचे होते. पण एजंटाकडून नाही.

एजंट म्हणजे बाजारातला नसीर छत्रीवाला. तुंगार्लीच्या बंगल्यांवर माळीकाम, स्वयंपाक करणारी कोकणातली माणसे गावी जाताना त्याच्याकडून बोटीची तिकिटे घेत. खालाच्या कटकटीने मी एकदा त्याच्या दुकानात गेलो. पाऊस तोंडावर आलेला, त्यामुळे दुकानात मोडक्या छत्र्यांचा ढीग. नसीर एका छत्रीच्या काडीला तार गुंडाळत होता.

"या युनूसभाई. खालांचं मी सगळं बघतो. तुमी फिकीरच करू नका."

"तू काय बघणार? मुंबईला जाणार, खिडकीवरून तिकीट आणणार. ते मला येतं."

"तिकिटाचं सोडा वो. तिकीट कोनबी आनंल. धक्क्यावर माझा मानूस असतो, त्यो—"

"तुझा माणूस, मग त्याचा माणूस. मधे माणसं घालायचीच कशाला?"

"ऐकून तरी घ्या."

"आमच्या खिडकीवर पाटी आहे, नसीर. दलालाकडून तिकिटे घेऊ नयेत. गेली किती वर्षं ती पाटी मी स्वतः पुसतोय."

दुकानात जवळच्या कुरवंडे गावचा नथू छत्री घ्यायला बसला होता. तो म्हणाला, "व्हय मास्तर, तुमच्या खिडकीला पाटी दिसती. तुमी मातर दिसत न्हाई."

नसीर हसला, नथू हसला, बाहेर उभा असलेला पानवालाही हसला. मी उठून आलो.

रजा टाकून मी मुंबईला गेलो. बोटकंपनीची खिडकी बंद होती. खिडकीवर वेळ लिहिली होती, आणि ती वेळ होऊन गेली होती. रांगेतल्या माणसांना त्याचे काही वाटत नव्हते. ती खाली बसून शेंगा खात होती. उघडली तेव्हा आतल्या माणसाने मान वर केली नाही.

"कुठं?"

"हर्णै. डेकची दोन. एक म्हातारी बाई आहे, तिला आडवं व्हायला जागा—"

"सुटे द्या."

"जागा कुठली मिळेल?"

"पुढचा कोण?"

हा आवाज माझ्या चांगल्या ओळखीचा होता. रोज सकाळी पुण्याच्या गाडीच्या वेळी तो माझ्याच तोंडातून निघतो. पण तिकिटे हातात आली होती. कुणाच्या पाया पडलो नाही, कुणाचा माणूस मधे घातला नाही. येताना गाडीत मी ती दोनदा खिशातून काढून बघितली.

खालाने तिकीट हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले. तिला वाचता येत नाही.

"ह्याच्यावर जागा लिवलीय?"

"तिकीट म्हणजेच जागा, खाला."

"कोन बोल्ला?"

"कोण म्हणजे? मी तिकीटबाबू आहे."

"आगगाडीचा. तू बोटीनं कदी गेलास?"

"लग्नाच्या वेळी."

"तवा वरात होती तुजी. जागा तुज्या सासऱ्यानं धरली होती. तू नवरा होतास, बसलास आयता."

मी तिकिटे ट्रंकेत ठेवली आणि विषय बंद केला. खालाने बंद केला नाही. शेजारच्या बयाबाईला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "नसीरला सांगायला हवं होतं. जमिनीकडची बाजू. आमची मानसं कायम जमिनीकडची बाजू घेतात. किनारा दिसत ऱ्हातो, मन लागतं."

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी कामावरून जेवायला आलो, तर माझ्या खाटेवरची गोधडी दिसेना. ती नजमाने शिवलेली. माझ्या जुन्या शर्टांचे तुकडे, तिच्या साड्यांचे तुकडे, मधोमध निकाहातल्या ओढणीचा हिरवा चौकोन. नजमाचे टाके सरळ येत नसत. ओळ उजवीकडे जाताना हळूहळू खाली उतरायची. मी त्यावरून तिला चिडवायचो, ती म्हणायची, तुम्हाला झोपायचंय की मोजायचंय? ती गेल्यापासून मी तीच पांघरत होतो. उन्हाळ्यातसुद्धा.

"गोधडी कुठाय?"

"धुवायला दिली. बयाबाईकडं," खाला म्हणाली.

"कुणाला विचारून? मला न विचारता माझी गोधडी धुवायला दिली?"

"वास येत होता."

तो वास जाऊ नये म्हणूनच मी ती धूत नव्हतो. हे मी खालाला सांगितले नाही. सांगणार तरी काय. मी खूप ओरडलो मात्र. घर तुझं नाही, उद्या जायचंय तर आज तरी गप बस, असेही बोललो. ती लसूण सोलत बसली. संध्याकाळी मी विचारले तर म्हणाली, वाळली नाय. मेच्या उन्हात गोधडी वाळत नाही. मी कपाळाला हात लावला आणि सामान बांधायला घेतले.

निघताना खाला कबरस्तानात जाऊन आली. बाहेर थांबलेल्या टांग्यात बसताना एवढेच म्हणाली, "तिला हितं ठेवून जातेय." मी टांगेवाल्याला चल म्हटले.

मुक्काम मुंबईत चुलतभावाकडे केला आणि सकाळी लवकर भाऊच्या धक्क्यावर पोचलो. लवकर यासाठी, की पहिले चढू आणि चांगली जागा बघू. शिडी लागली तशी मी खालाला एका हाताने धरले, दुसऱ्या हातात ट्रंक. तिकीट दाखवले, वर गेलो.

डेकवर एकही प्रवासी नव्हता, आणि जागाही नव्हती.

या टोकापासून त्या टोकापर्यंत चटया अंथरलेल्या. चटईवर कुठे ट्रंक, कुठे एकच चप्पल, कुठे नारळ. दोन चटयांच्या मधे सुतळी बांधून हद्द आखलेली. लोक अजून खाली धक्क्यावर चहा पीत होते, आणि त्यांच्या चटया वर ऐसपैस पसरून पडल्या होत्या. मोकळी जागा फक्त इंजिनाच्या तापलेल्या नळाजवळ, जिथे हात ठेववत नव्हता, आणि कोंबड्यांच्या करंड्यांजवळ.

खाला माझ्या ट्रंकेवर बसली. महिनाभर बोलणारी बाई गप्प बसली, याचाच मला जास्त राग आला. तिच्या तोंडाचा रंग जायला लागला होता.

"थांब. हे बेकायदेशीर आहे," मी म्हटले आणि जमिनीकडच्या बाजूला गेलो. कठड्याला लागून एक चांगली रुंद जागा होती. चटईवर काहीतरी घडी करून ठेवलेले, वर दोरीचे वेटोळे. शेजारी एक हमाल बिडी ओढत उभा.

"हे कुणाचं आहे? उचला."

"धरल्याली जागा हाय, चाचा."

"धरलेली म्हणजे काय? तिकीट आहे का या चटईला? माझ्याकडं आहे. हे बघा."

"तिकीट चढायचं असतं. बसायला चटई लागती."

"कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? लोनावळ्याची पार्टी हाय. येतील आता."

"मी लोणावळ्याचाच आहे!"

"मग आधी बोलायचं न्हाई का! नसीरभायचे व्हय?"

"मी कुणाच्या नसीरभाईचा नाही! मी खिडकीवरून तिकीट काढलंय!"

"मग खिडकीवर जाऊन बसा," हमाल म्हणाला.

आजूबाजूला वर येऊ लागलेली माणसे हसली. माझे डोके फिरले. मी दोरी भिरकावली, वाकलो, चटईवरची घडी दोन्ही हातांनी उचलली आणि कठड्यावरून पाण्यात टाकायला हात वर केले.

घडी उलगडली. मधला हिरवा चौकोन माझ्या तोंडावर आला. टाके उजवीकडे उतरत गेलेले.

हात तसेच वर राहिले. हमाल म्हणाला, "टाका ना. थांबलात कशाला?"

मागून खाला कंबरेला हात देत आली होती. "घाल परत," ती म्हणाली. "नीट घाल. हिरवा भाग वर."

"ही धुवायला दिली होती ना?"

"नाय दिली. नसीर येऊन घेऊन गेला, तू कामावर होतास तवा. जागेवर खून काय ठेवायची बोल्ला. मी बोल्ले, ही ठेव. ही बगितल्यावर युनूस दुसरीकडं जाणार नाय."

"आणि मी पाण्यात टाकली असती तर?"

"तुला एवडी अक्कल असंल असं वाटलं होतं."

हमालाने बिडी विझवली आणि नजर दुसरीकडे वळवली. मी गोधडी अंथरली. तिला अजून घरचाच वास होता, कुणी धुतली नव्हती. खाला कठड्याकडे तोंड करून आडवी झाली. पाय पुरते लांब केले, कंबरेखाली शाल सारली, आणि डोळे मिटून म्हणाली, "हां."

बोट सुटली. काठावरची झाडे, घरे, देवळे, मशिदी एकामागून एक जाऊ लागल्या. गोधडी दोन माणसांची. तिच्यावर खाला, कडेला मी, आणि मधे एका माणसाची जागा मोकळी राहिली होती. मी त्या जागेवर हात टेकून बसलो होतो.

कडेवर मूल घेतलेली एक बाई मघापासून फेऱ्या मारत होती. आमच्यापाशी थांबली. "भाऊ, हितं कोन बसलंय का?"

"हो," मी म्हणालो. "धरलेली जागा आहे."

बाई पुढे जायला वळली. खालाने डोळे उघडले. तिने माझ्याकडे बघितले, मग माझ्या हाताकडे.

"युनूस. बसू दे तिला. तिकीट असंल तिच्याकडं."

मी हात उचलायला थोडा वेळ लावला. मग उचलला. बाई बसली. मूल हिरव्या चौकोनावर पालथे झाले आणि तिथेच झोपले. खाला त्याच्या पाठीवर हात ठेवून किनाऱ्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिलो. तिचे म्हणणे खरे होते, किनारा दिसत राहिला की मन लागते.

उन्हे कलल्यावर हर्णै आले. बोट बंदराला लागत नाही, बाहेरच उभी राहते, आणि माणसे होडीत उतरतात. होडीत खालाचा भाचा घ्यायला आला होता. हातोहात तिला खाली घेतले. दिवसभर आडवी राहिल्यामुळे ती स्वतःच्या पायांवर उभी होती. मी ट्रंक दिली, मग गोधडीची घडी तिच्याकडे केली. तिच्या मुलीची होती. तिच्याकडे राहावी असे मला वाटले.

खालाने ती घेतली, छातीशी धरली, आणि मी होडीत उतरल्यावर परत माझ्या मांडीवर ठेवली.

"ने घरी. गणपती झाले की बोटी सुरू होतील. तवा येशील ना? जागा धरायला लागंल."

होडी किनाऱ्याकडे निघाली. पाणी अंगावर उडत होते, म्हणून मी गोधडी सदऱ्याच्या आत सारली.

"येईन," मी म्हणालो. "पण तिकीट मी खिडकीवरूनच काढणार."

"काड बाबा," खाला म्हणाली. "काड."