रशियाची फरशी

जानेफळच्या पुष्पाबाईंचा मुलगा जीवन रशियाला गेला तो आचारी म्हणून. लष्कराच्या छावणीत भाज्या चिरायच्या, लढाईशी संबंध नाही, असं एजंटाने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. घरी स्वतःचं ताटसुद्धा न उचलणाऱ्या पोराला आचारी म्हणून कोण नेतं, ही शंका पुष्पाबाईंना आली होती. त्यांच्या नवऱ्याने, हिंमतरावांनी, ती हसण्यावारी नेली.

दोन महिन्यांत पैसे यायला लागले आणि गावाला रशिया फार आवडू लागला. वांगी-टोमॅटो विकून दहा वर्षांत जे जमलं नव्हतं ते जमलं. अंगणात फरशी आली, दाराशी मोटरसायकल आली, ग्रामसभेत हिंमतरावांना खुर्ची मिळाली. फरशी पंजाबरावांच्या दुकानातली. "रशियाची कमाई आहे वहिनी, भारीतलीच घ्या," म्हणत त्यांनी सहा फरश्यांच्या पेटीमागे पन्नास रुपये जास्त लावले. जीवनला मुली सांगून येऊ लागल्या. एका मुलीच्या बापाने तर विमा आहे का, तेही विचारून घेतलं.

एका दुपारी जीवनचा फोन आला.

"माय, मले बंदूक देल्ली. पुढं पाठवून राह्यले."

"अन् भाज्या?"

"कायच्या भाज्या, माय!"

पुष्पाबाई धावत अंगणात आल्या. तिथे गवंडी उरलेली फरशी बसवत होता. हिंमतरावांनी सगळं ऐकलं आणि इकडेतिकडे पाहिलं.

"हळू बोल नं वं. गवंडी ऐकन."

"पोराच्या हातात बंदूक देल्ली, अन् तुम्हाले गवंड्याची पडली?"

"गावभर झालं तर सोयरीक मोडन."

पुष्पाबाई हळू बोलल्या नाहीत. शेजारच्या नसीमाकडून दूतावासाला अर्ज लिहून घेतला, एसटीने बुलढाण्याला कचेरीत सात खेपा घातल्या. चार महिन्यांनी जीवन आला. डाव्या हाताची दोन बोटं तिकडेच राहिली होती.

पंजाबराव शाल-नारळ घेऊन सत्काराला हजर. शाल घालता घालता त्यांनी हळूच विचारलं, "जीवन, तुह्या जागेवर कोणाले घेतलं का बे? आपले पाच पोरं तयार आहेत."

"जागा आहे नं भाऊ," पुष्पाबाई मध्येच म्हणाल्या. "तुमच्या प्रसेनजितचं नाव देऊ काय?"

"त्याले कसं पाठवता, वहिनी! एकुलता एक आहे तो."

"अन् माह्ये काय पेटीत सहा ठेवले आहेत?"

माणसं हसली. पंजाबरावांनी नारळ ओट्यावर ठेवला आणि दुकानात गिऱ्हाईक थांबलंय म्हणून निघून गेले.

संध्याकाळी ती पाच पोरं जीवनकडे आली. त्याने खंदकातलं सगळं सांगितलं, हात दाखवला. चौघांनी नाद सोडला. पाचव्याने पासपोर्टचा अर्ज भरला.

पुष्पाबाई त्याच्या आईला समजवायला गेल्या. तिने चहा ठेवला, सगळं ऐकलं, दोनदा डोळे पुसले. मग कप पुढे करत दबक्या आवाजात विचारलं, "बोटाचे पैसे वेगळे देते काय वं, बाई?"