तुरीच्या डब्यात रुईच्या गाठी

खामगावच्या नांदुरा रोडवर एका अंगाला कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारी जिनिंग-प्रेसिंग आणि बरोबर समोर दालमिल. मधे रस्ता. रस्ता तरी केवढा, इकडून तंबाखूची पुडी फेकली तर तिकडच्याच्या मांडीवर पडावी एवढा. जिनिंगच्या गेटवर सहदेव बसे आणि दालमिलच्या गेटवर त्याची बायको सुवर्णा. दोघांचं काम एकच, येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीचा नंबर लिहून घेणं. लग्नाला चौदा वर्षं झालेली आणि दिवसभर एकमेकांच्या तोंडासमोर बसूनही संसार शाबूत, याचं अख्ख्या रोडला नवल होतं.

ते कोरोनानंतरचं वर्ष. जगात म्हणे कंटेनरचा दुष्काळ पडला होता. माल होता, बोटी होत्या, पण माल भरायला लोखंडी डबे मिळेनात. आता खामगावहून समुद्र पाचशे किलोमीटर. सहदेवनं तो जन्मात एकदाच पाहिला होता, चैत्यभूमीला गेला तेव्हा, आणि तोही चपला कोण सांभाळणार म्हणून लांबूनच. असल्या समुद्राचं दुखणं आपल्या गेटावर येऊन बसेल असं त्याला कशाला वाटेल?

पण बसलं. बांगलादेशला जायच्या साडेचारशे गाठी जिनिंगमध्ये बांधून पडल्या होत्या. गोडाऊन भरलं, शेड भरली, मग गाठी मॅनेजरच्या ऑफिसात शिरल्या. मॅनेजर अकीलभाई एका गाठीवर बसे, दुसरीवर फाईल ठेवी आणि तिसरीला टेकून मुंबईला फोन लावी. जागा संपली म्हणून मशीन बंद. मशीन बंद म्हणून कापूस घेणं बंद. आणि कापूस घेणं बंद म्हणून गेटाबाहेर एकोणीस ट्रॅक्टर उभे.

पहिला ट्रॅक्टर मोताळ्याकडच्या तुळशीरामबुवांचा. बुवा दोन दिवसांपासून कापसावरच झोपत होते.

"काय बे सहदेव," ते ट्रॉलीवरून ओरडले, "गेट उघडतं का पोरीचं लग्न हितंच लावू?"

"बुवा, थोडा दम धरा ना. कुठी पळून जाऊन राह्यला कापूस?"

"पळत नाई, पण संपते! पह्यल्या वेच्याचा एवढाच चांगला हाये. पुढचं सारं त्या गुलाबी अळीनं धरलं. बीटीचं बियाणं आलं तवा सांगत होते का अळी तोंड लावणार नाई. आता असं तोंड लावते जशी सासुरवाडीले आली!"

बुधवारी सकाळी अकीलभाई गेटावर आला. चेहरा पडलेला.

"आयक सहदेव. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत डबे भरून बंदराकडं निघाले नाई तर बोट गेली. बोट गेली का सौदा गेला, अन् शेठ सीझन गुंडाळते. सत्तर माणसं घरी. पह्यला तू."

"मीच पह्यला काऊन?"

"बंद कारखान्याले गेटकीपर कायले लागते बे?"

त्या दुपारी सहदेव जेवणाचा डबा घेऊन रस्ता ओलांडून दालमिलच्या निंबाखाली बसला.

सुवर्णा आधीच तापलेली होती. "तीन डबे आंगणात उभे हायेत माह्या. आफ्रिकेची तूर आली त्याच्यात. सकाळीच रिकामे केले अन् डायवर म्हणते उद्या निघतो. तोवर माणसानं चालावं कुठून?"

"आफ्रिकेची तूर? आपल्याकडं काय तूर पिकत नाई?"

"पिकते ना. पण ते आफ्रिकेहून येत नाई न, मंग तिले मान कोण देईल?"

"अन् रिकामे डबे नेतात कुठी?"

"उरणले, बंदरापाशी. जहाज कंपनीच्या आवारात ठेवाले."

सहदेवचा घास हातातच राहिला. "आमच्याकडं रिकामे डबे तिथूनच येतात. गेल्या महिन्यात शेवटचा आला. निळा होता. उजव्या दाराले हा एवढा पोचा, बकरीनं धडक देल्यासारखा."

"बकरी नाई, आमचा ट्रॅक्टर होता तो," सुवर्णा म्हणाली. "माह्या डोळ्यासमोर धडकला. नंबराचे शेवटचे आकडे चारशे सतरा?"

दोघंही उठले. त्यानं आपली वही आणली, तिनं आपली. निंबाखाली दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. चारशे सतरा नंबरचा डबा गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी दालमिलमधून रिकामा निघाला, उरणला गेला, तिथं दोन दिवस आराम केला, आणि रविवारी रिकामाच जिनिंगच्या गेटात हजर झाला. मागं पाहिलं तर असे आणखी अकरा सापडले. रिकामेच गेले, रिकामेच आले.

"सुवर्णे," सहदेव हळू आवाजात म्हणाला, "हा डबा रस्ता ओलांडाले हजार किलोमीटर फिरला व."

"आपली म्हैस बी एवढी वाट वाकडी करत नाई," सुवर्णा म्हणाली. "अन् मुंबईची माणसं शिकलेली!"

अकीलभाईनं दोन्ही वह्या पाहिल्या आणि तो गाठीवरून खाली घसरला. लगेच दालमिलच्या डब्यात चढून मुंबईच्या जहाज कंपनीला फोन. तिकडं नाजिश मॅडम.

"रिकामा कंटेनर आमच्या यार्डात जमा झाल्याशिवाय दुसऱ्याला भरायला देता येत नाही," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, डबा रिकामा हाये. मी त्याच्यात उभा हाव."

"तो रिकामा असल्याची नोंद यार्डातच होते."

"म्हणजे रिकामा हाये हे सांगाले तो हजार किलोमीटर फिरणार? डिझल जाळत? मॅडम, तुमच्या कंपनीच्या कागदावर पान छापलं हाये हिरवं. खाली लिहिलं हाये, धूर कमी करू. हा धूर कोणाचा हाये मंग?"

मग मॅडम म्हणाल्या, "मला त्या नोंदी पाठवा."

सुवर्णानं दोन्ही वह्यांचे फोटो काढून पाठवले. एका फोटोत कोपऱ्यात ठेच्याची वाटी आली होती, पण आकडे स्पष्ट होते. तासाभरानं फोन आला. परवानगी मिळाली, एका अटीवर. शुक्रवारी सकाळी अकोल्याहून तपासणीसाहेब येणार. डबे आतून एकदम स्वच्छ पाहिजेत, तुरीचा दाणा नको, धूळ नको. नापास झाले तर डबे सरळ उरणला.

सुवर्णानं दालमिलच्या बायांना गोळा केलं. त्यात सगळ्यांत जुन्या अन्नपूर्णाबाई. "बायाहो, साहेब येऊन राह्यला. आपल्या घरावानी चकाचक दिसलं पाह्यजे. दालमिलचं नाव जाईन नाई तं."

एवढंच ती बोलली. नंतर वर्षभर तिला वाटत राहिलं, की 'घरावानी' म्हणायला नको होतं.

शुक्रवारी सकाळी साहेब आले. नाव पंजाबराव, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात बॅटरी. दाराच्या समोर जमिनीवर मोठी सुरेख रांगोळी होती. साहेब खूश झाले. तिला वळसा घालून डब्यात चढले. आत अंधारलेलं होतं आणि कंटेनरची जमीन लाकडी, तपकिरी असतेच, तेव्हा त्यांना काही वावगं वाटलं नाही.

"आता दारं लावा," ते आतून म्हणाले. "अंधारात कुठून उजेड येते का पाह्यतो. एक भोक असलं तरी समुद्राचं पाणी शिरते."

दारं लागली. बाहेर सगळे दाराला कान लावून उभे. आतून पावलांचे आवाज आले. एक, दोन, तीन. मग एक लांब सुर्रर्र, आणि धप्प.

दारं उघडली तेव्हा साहेब मधोमध बसलेले होते. ओळखपत्र पाठीवर गेलं होतं. कमरेपासून खाली साहेब हिरवे झाले होते. बायांनी पहाटे उठून तिन्ही डबे झाडले, धुतले आणि मग शेणानं नीट सारवून काढले होते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. बोटांच्या रेघा इतक्या सारख्या, की बघत राहावं.

"हे काय हाये?" साहेब बसल्या जागेवरून किंचाळले.

"सारवण," अन्नपूर्णाबाई अभिमानानं म्हणाल्या. "वाळलं नाई अजून. तुमी लवकर आले."

"बाई, याच्यातला एक कण जरी परदेशात गेला तर सारा माल परत पाठोतील ते!"

"परत काऊन? शेण काय घाण हाये? साहेब, तुमच्या घरी लक्ष्मीपूजनाले काय फिनेल शिंपडतात?"

सहदेवनं डोकं धरलं. तिकडून अकीलभाई धावत आला, डब्यात डोकावला आणि अंगणातच बसला. घड्याळात दहा वाजले होते.

"धुऊन काढा," साहेब पाय झटकत म्हणाले. "पण ओला डबा मी पास करणार नाई. रुईले ओल लागली का बुरशी आली. अन् हे लाकूड वाळाले दोन दिवस लागतात. मले काई सांगू नका."

बायांनी पुन्हा पदर खोचले. टँकर आला, खराटे आले. आपल्याच हातचं सारवण काढताना अन्नपूर्णाबाईंचा जीव तुटत होता, पण खराटा त्यांचाच सगळ्यांत जोरात चालत होता. बारा वाजता तिन्ही डबे स्वच्छ झाले आणि तिन्ही चिंब ओले.

तेव्हा सुवर्णानं रस्त्यापलीकडं पाहिलं. "अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या मशीनीतून कापूस जो पंखा उडवते, तो बंदच पडला न?"

"हाव. मशीनच बंद हाये."

"मंग त्याले काम द्या ना."

जिनिंगचे रहेमतुल्ला मिस्त्री पंख्याशी तीस वर्षं बोलत आले होते. त्यांनी पंख्याचे मोठाले पाइप काढून जोडले. तिन्ही डबे गाड्यांनी हाकत रस्ता ओलांडून आणले, यावेळी हजार किलोमीटर नाही, चाळीस पावलं. पाइपाचं तोंड पहिल्या डब्यात घातलं. साहेब तपासायला डब्याच्या दारात, पाइपाच्या अगदी समोर उभे.

"मिस्त्री, पाइपात काई नाई न?" सहदेवनं विचारलं.

"पाइप एकदम खाली हाये बेटा," मिस्त्री म्हणाले आणि बटण दाबलं.

पाइपात हंगामभराची चिकटलेली रुई होती. ती सगळी एका झपाट्यात बाहेर आली आणि साहेबांवर बसली. शेण धुताना साहेब ओले झाले होते, वर थोडं शेण अजून लागलेलंच, त्यामुळं ती जी बसली ती उतरेना. डोळे सोडून साहेबांचा सगळा कापसाचा पुतळा झाला.

तुळशीरामबुवा ट्रॉलीवरून उभे राहून म्हणाले, "साहेब, असेच उभे राहा. बांगलादेशले तुमालेच पाठवू, एक गाठ कमी लागन!"

कोणी हसायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं. पण पहिल्यांदा साहेबच हसले. कापूस फुंकत म्हणाले, "पंखा चालू ठेवा बाप्पा. वारा चांगला हाये."

एका तासात पहिला डबा वाळला. मग दुसरा, तिसरा. साहेबांनी खिशातला पांढरा रुमाल काढला, जमिनीवर घासला, उजेडात धरला. पांढराच. पुन्हा आत जाऊन दारं लावायला सांगितली. अंधारात एकही भोक नाही. बाहेर येऊन त्यांनी तिन्ही कागदांवर सही केली आणि अन्नपूर्णाबाईंकडं पाहून म्हणाले, "बाई, खरं सांगतो, बारा वर्षांत एवढा साफ डबा पाह्यला नाई."

"आदी बी साफच होता," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

मग हमालांच्या टोळीनं गाठी उचलल्या. मिनिटभर कोणी बसलं नाही. अकीलभाईच्या ऑफिसातल्या गाठी निघाल्या तेव्हा त्याची खुर्ची सापडली. ती पार बुडाशी होती. एकेका डब्यात दीडशे गाठी, एवढ्या घट्ट की मधे विडी ठेवायला जागा नाही. सहाला दहा कमी असताना तिसऱ्या डब्याला सील लागलं. तिन्ही गाड्या हॉर्न देत नांदुरा रोडला लागल्या, आणि या वेळी बंदराकडं जाताना भरलेल्या होत्या.

गाड्या वळणावर दिसेनाशा झाल्या तसा नाजिश मॅडमचा फोन आला. अकीलभाईनं तो सहदेवच्या हातात दिला. "तूच बोल. तुह्यं काम हाये."

"अभिनंदन," मॅडम म्हणाल्या. "आम्ही उद्यापासून खामगावचे डबे खामगावातच भरायचं ठरवतोय. अकोल्याचे अकोल्यात. मला वरती अहवाल द्यायचाय. तुम्ही हे जुळवायला कुठलं सॉफ्टवेअर वापरता?"

सहदेवनं सुवर्णाकडं पाहिलं. ती पदरानं हात पुसत शेजारी उभी होती.

"घरचंच हाये मॅडम," तो म्हणाला. "जेवणाच्या सुट्टीत चालते."

"म्हणजे? त्याचं नाव काय लिहू?"

"लिहा, सुवर्णा सहदेव…"

एवढ्यात मागं रहेमतुल्ला मिस्त्रींनी पाइप जागच्या जागी बसवून मेन स्विच ओढला. चार दिवस मुकी पडलेली चोवीस यंत्रं एकदम धडधडली. शेडचे पत्रे थरथरले. बाहेर एकोणीस ट्रॅक्टर सुरू झाले आणि तुळशीरामबुवा सगळ्यांत आधी आत घुसले.

"हॅलो? आवाज येत नाहीये!" मॅडम ओरडत होत्या. "हॅलो, मागं काय चाललंय?"

"जिनिंग चालू झाली मॅडम!" सहदेव छाती फुगवून, घसा फाटेस्तोवर ओरडला. "आमची जिनिंग चालू झाली!"