घड्याळजींचा डोळा

"हनुवटी टेकवा, कपाळ पट्टीला लावा आणि हलू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पण या लेसरच्या आत स्फटिक कुठला आहे?" घड्याळजींनी हनुवटी टेकवायच्या आधीच विचारलं.

शेजारी पिशवी घेऊन बसलेल्या बायकोने कपाळावर हात मारला. जन्मभर लोकांची घड्याळं उघडणारा हा माणूस आता डोळ्याचं यंत्रही खोलायला मागणार! मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं होतं, पण वर्षभरात बसवलेल्या भिंगामागे पातळ पडदा धरला आणि सगळं धुरकट झालं. तेव्हापासून दुकान बंद होतं. चिमट्यातला स्क्रू नाचतो, याचं खापर घड्याळजी त्या पडद्यावर फोडत. खरं कारण बायकोला ठाऊक होतं. त्यांच्या हातातला कप बशीवर कसा वाजतो, ते ती रोज ऐकत होती, पण तिने ब्र काढला नव्हता. आज पडदा जाणार म्हणून ते खुशीत होते आणि ते खापर आता कशावर फुटणार, या काळजीत ती होती.

"माणिक आहे का? आमच्या घड्याळात असतात, आस झिजू नयेत म्हणून."

"पहिला लेसर माणकाचाच होता," डॉक्टरीणबाई हसल्या. "हा यॅग. कारखान्यात वाढवलेला स्फटिक, त्यात निओडिमियम नावाचा धातू चिमूटभर. दिव्याचा झोत मारला की त्याचे अणू प्रकाश पिऊन बसतात. मग एकाने तो सोडला, की बाकीचे त्याच्याच ठेक्यात सोडतात. दोन्ही टोकांना आरसे. तिथे येरझारा घालत प्रकाश वाढत जातो."

"म्हणजे दुकानातल्या सगळ्या घड्याळांनी एकदम टोला द्यावा तसं."

"तसंच. फक्त हा टोला डोळ्यांना दिसत नाही. लाल ठिपका दिसेल, तो नेम धरायला. झोत पडद्यापाशी एकवटतो आणि तेवढंच फाटतं."

"आणि वाटेतलं भिंग?"

"तिथे तो पसरलेला असतो. पण तुम्ही असेच बोलत राहिलात, तर भिंगालाच खड्डा पडेल."

"अहो, ऐका ना त्यांचं," बायको म्हणाली. मग खोलीत नुसतं टक टक ऐकू येत राहिलं. दुखलं काहीच नाही, आणि त्याचंही घड्याळजींना नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते खिडकीपाशी डोळ्याला दुकानातलं कामाचं भिंग लावून बसले. समोर एक जुनं मनगटी घड्याळ उघडून ठेवलं होतं. बायको स्वयंपाकघरात उगाच भांडी हलवत राहिली.

"अगं, इकडे ये."

ती पदराला हात पुसत आली.

"स्क्रू स्वच्छ दिसतोय. त्याची खाचसुद्धा." त्यांनी तो चिमट्यात धरून दाखवला. "हात हलतोय. तुला माहीत होतं?"

"होतं," ती म्हणाली आणि तिला रडूच आलं. "तुम्ही पडद्याला धरून बसला होतात. म्हटलं, तेवढा तरी आधार राहू दे."

घड्याळजी रागावले नाहीत. त्यांनी हात उजेडात धरला आणि भिंग न काढता, गिऱ्हाइकाने आणून ठेवलेली वस्तू निरखावी तसा बराच वेळ निरखला.

"ठेका मात्र चुकत नाही हं," ते म्हणाले.

मग त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि उघडं घड्याळ तिच्यापुढे सरकवलं.

"झाकण तू लाव."