शिट्टीचा फटका

कमलिनीकडे गोल्फची एकूण सहा कार्डं होती. ती तिने कंपासपेटीच्या तळाशी घडी घालून ठेवली होती, त्यामुळे भूमितीच्या तासाला पेटी उघडली की तिचं लक्ष कोनांवरून उडालंच म्हणून समजा. प्रत्येक कार्डावर नऊ होलांचे फटके, खाली बेरीज, आणि बेरजेखाली भीमआजोबांची सही.

भीमआजोबा म्हणजे दतिया गेट या शहराच्या जुन्या वेशीपाशी तिच्या शेजारीच राहणारे भीमराव. आयुष्यभर इंजिन चालवलं आणि निवृत्त झाल्यावर हातात गोल्फची काठी धरली. रेल्वेच्या मैदानावर रोज दुपारी साडेतीनला ते खेळायला निघायचे. दोन वर्षांपूर्वी तेरा वर्षांची कमू नुसती गंमत बघायला त्यांच्यामागे गेली, ती काही परत येईना. मैदान तरी कसलं? गवत नावाला, भेगाळलेली माती, कडेने बाभळी. आणि होलभोवती हिरवळीऐवजी तेल शिंपडलेल्या वाळूचं वर्तुळ. पण चेंडू नेमका लागला की जो टणत्कार व्हायचा, त्यासाठी कमू जेवण सोडायला तयार होती.

आता सव्वीस जानेवारीची स्पर्धा तोंडावर आली होती आणि कमूला त्यात खेळायचंच होतं. नोटीस स्पष्ट होती: हँडिकॅप असेल त्यानेच नाव द्यावं. हँडिकॅप म्हणजे लंगडीतल्या कच्च्या लिंबासारखंच, फक्त हिशोबी. पक्क्याच्या छत्तीस फटक्यांपेक्षा तुम्ही किती कच्चे ते आधीच्या तीन कार्डांवरून ठरवायचं आणि तेवढे फटके तुमच्या बेरजेतून वजा करायचे, म्हणजे कच्च्यालाही पक्क्याशी बरोबरीने खेळता येतं. पण ती कार्डं स्पर्धेतलीच हवीत. आणि हँडिकॅपशिवाय स्पर्धेत घेत नाहीत. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तसली गत.

एरवी कमू चिडून घरी बसली असती. पण यंदा वक्तृत्वात पहिली आल्यापासून तिला वाटायला लागलं होतं, की नीट बोललं तर जगात काहीही पटवता येतं. ती थेट गोपाळकाकांकडे गेली. गोपाळराव रेल्वेत नकाशे काढायचे आणि क्लबाचे सेक्रेटरी होते. तिने त्यांना विचारलं, की रोजचा खेळ खेळ नाही का? चेंडू तोच, मैदान तेच, काठी तीच.

गोपाळरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, रोजच्या खेळात माणूस स्वतःवर फार माया करतो. चेंडू होलपासून वीतभर राहिला की सोबतीच म्हणतो, जाऊ दे, झालंच ते.

"आम्ही नाही तसं करत," कमू म्हणाली. "वीतभराचाही मोजतो. विचारा आजोबांना."

"विचारत नाही. बघायला येतो."

आणि शनिवारी ते खरंच आले. उजव्या खिशात मूठभर चिंचोके. कमूने फटका मारला की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात. भीमआजोबा खवचटपणे म्हणाले, गोपाळराव, शेवटी सारीपाटही मांडा. गोपाळराव हसले नाहीत.

कमू त्या दिवशी फार छान खेळली. वीतभराचे चेंडूही तिने वाकून, नीट बघून होलात घातले. चौथा होल रुळांना लागून होता. तिथे तिने काठी उचलली आणि त्याच वेळी वळणावर मालगाडीने शिट्टी दिली. हात दचकला, चेंडू तिरपा उडाला तो सरळ बाभळीत. भीमआजोबा नेहमीसारखं म्हणाले, "शिट्टीचा. माफ है, बिटिया." तिने नेहमीसारखा दुसरा चेंडू ठेवला आणि मारला. गोपाळराव तेव्हा जरा मागे, चपलेतला काटा काढत, नुसत्या टणत्कारावर चिंचोके सरकवत होते.

शेवटी बेरीज झाली एकोणपन्नास. गोपाळरावांनी चिंचोके मोजले, पन्नास. पुन्हा मोजले. मग चष्मा पुसत म्हणाले, "एखादा जास्त सरकला असेल. माझंच चुकलं. पोरी, तुझा खेळ स्वच्छ आहे. सहाही कार्डं दे, तुझ्या चांगल्या तिनांवरून तेरा बसेल असं दिसतंय. कमिटीला मी सांगतो."

तेरा! कमूला मैदानभर धावत सुटावंसं वाटलं. सोबत आणलेली कंपासपेटी उघडून तिने कार्डं काढली, आणि पुढे केलेला हात तसाच राहिला. गोपाळकाकांचं काही चुकलं नव्हतं. पन्नासावा चिंचोका बाभळीत पडला होता.

सांगितलं तर स्पर्धा गेली. शिवाय सांगणं हेही विचित्रच, कारण एक फटका वाढला म्हणजे सूटही वाढणार. उद्या कोणी म्हणेल, पोरगी सूट मागतेय. नाही सांगितलं तर नाव लागतं, तेही झकास आकड्याने. पण सव्वीसला गाडीने शिट्टी दिली तर माफ कोण करणार? तो तेराचा आकडा तिचा नव्हताच. तो थोडा तिचा आणि थोडा मालगाडीचा होता.

"काका, चिंचोके बरोबर आहेत," ती म्हणाली. आणि शिट्टीचं सगळं सांगून टाकलं.

भीमआजोबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, दोष माझा. तीस वर्षं त्याच वळणावर मी शिट्टी ओढली. साहेब लोक दचकून वेडेवाकडे मारायचे आणि मी हसायचो. म्हणून खेळायला लागलो तेव्हा ठरवलं, शिट्टीचा फटका माफ. मग त्यांनीच मार्ग सुचवला: गाड्यांच्या वेळा मला पाठ आहेत, कुठल्या दिवशी कुठली लेट होती तेही आठवतं. सहाही कार्डांत एकेक फटका वाढवून देतो.

गोपाळराव विचारात पडले. पण कमूनेच मान हलवली.

"नाही हो, आजोबा. बाभळीतला चेंडू मी खेळलेच नाही. तिथून बाहेर यायला मला एक लागला असता की चार, कोणाला ठाऊक?"

मग गोपाळरावांनी कार्डं तिला परत दिली. ते म्हणाले, "तेरा नाही. पण नियमही बदलायला हवा. रोजचा खेळ मोजायचा, पण पहिला चेंडू मारण्याआधी मोठ्याने सांगायचं, की आजचा मोजायचा. एकदा सांगितलं की माफी बंद. नावं पंचवीसपर्यंत घेतोय. तुझ्याकडे तीन दुपारी आहेत."

पहिल्या दुपारी कमू पहिल्या होलपाशी उभी राहिली आणि वक्तृत्वाच्या आवाजात म्हणाली, "आजचा मोजायचा." तीच माती, तीच काठी, पण वीतभराचा चेंडू हातभर लांब वाटायला लागला. दोन तर चुकलेच. तेव्हा तिला गोपाळकाकांचं म्हणणं कळलं, आणि ते कळलेलं तिला मुळीच आवडलं नाही.

चौथ्या होलवर मालगाडी आली. शिट्टी झाली. चेंडू बाभळीत. भीमआजोबांनी सवयीने तोंड उघडलं, आणि मिटलं.

कमू काट्यांत शिरली. पहिल्या फटक्याला चेंडू हलला नाही. दुसऱ्याला खोडावर आपटून मागे आला. तिसऱ्याला बाहेर पडला, तेव्हा तिच्या वेणीत तीन काटे होते.

त्या दिवशी पंचावन्न झाले. दुसऱ्या दिवशी त्रेपन्न. तिसऱ्या दिवशी गाडी येताना ऐकू आली तशी तिने काठी खाली टेकवली, शिट्टी होऊ दिली, सगळे डबे मोजले, मग मारलं. एक्कावन्न.

गोपाळरावांनी नोटीसबोर्डावर तिच्या नावापुढे सतरा लिहिलं.

"कच्चं लिंबू आणखी कच्चं झालं की गं," भीमआजोबा म्हणाले.

"असू दे," कमू म्हणाली. "पण आपल्याच झाडाचं आहे, मालगाडीने आलेलं नाही."

आणि जुनी सहा कार्डं तिने पुन्हा कंपासपेटीच्या तळाशी ठेवली.