सांदवाडीतला नीलकंठ

पुण्याहून लोक वाघ पाहायला येतात. आमच्या दारावरूनच मोहर्लीच्या जंगलाचा रस्ता जातो, त्यामुळे ही वरात मला रोज सकाळी दिसते. उघड्या जिप्सीत कुडकुडत बसलेली बायामाणसं, गळ्यात कॅमेरे, डोक्यावर टोप्या. एवढ्या लांबून येतात, वाघाची शेपटी दिसली तरी खूश होऊन जातात. आणि त्याच पुण्यात दवाखान्यात नर्स असलेली आमची नीलिमा तीन दसरे झाले तरी घराकडे फिरकली नाही. वाघाला जमतं ते आईबापाला जमत नाही, असं मी एकदा चिडून म्हणालो. माझा पुतण्या प्रफुल मोहर्लीला गाईड आहे. तो तिथेच चहा पीत बसला होता. म्हणाला, "काका, वाघ कोनाले लगन कर मनत नाई."

शकुबाई दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. शकुबाई म्हणजे आमची मंडळी. प्रफुलचं म्हणणं खरं होतं म्हणूनच तिला लागलं. नीलिमा बत्तीस वर्षांची झाली. तिला लग्न करायचं नाही, निदान आम्ही दाखवतो त्यांच्याशी तरी नाही. फोन आला की शकुबाई जेवलीस का विचारायची आणि दुसऱ्या वाक्याला वरोऱ्याचं, नाहीतर चिमूरचं स्थळ काढायची. तिसऱ्या वाक्याला रडायची. मग फोन आठवड्याचा पंधरवड्यावर गेला, पंधरवड्याचा महिन्यावर.

अशाच एका फोनवर शकुबाईने फारच लावून धरलं, येतेस कधी, येतेस कधी. पोरगी वैतागली असावी. हसत म्हणाली, "सांदवाडीत नीलकंठ येऊ दे, मंग येतो."

झालं. शकुबाईने ते पदराला गाठ मारून ठेवलं.

आमच्या घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, भेंडी-वांग्यांच्या पलीकडे मोहाचं एक वाळलेलं झाड होतं. त्याच्या ढोलीत दर उन्हाळ्यात नीलकंठाची जोडी पिलं काढायची. बसला की मातकट, पंख उघडले की निळाच निळा. देवाचं पाखरू म्हणतात, पण आवाज गंजलेल्या रहाटासारखा. पिलं उडून गेली तरी जोडी तिथेच तारेवर बसलेली असायची. दसऱ्याला नीलकंठ दिसला की वर्ष चांगलं जातं, म्हणून सारं गाव शेताशेतांतून माना वर करून हिंडायचं. आमच्याकडे तो घरचाच. लहानगी नीलिमा फाटकात उभी राहायची आणि गल्लीतल्या पोरांकडून आपट्याचं मूठभर सोनं घेतल्याशिवाय एकालाही आत सोडायची नाही. संध्याकाळी तिच्या फ्रॉकच्या ओच्यात मावत नसे एवढं सोनं. ती पुण्याला गेली त्याच उन्हाळ्यात वादळात ते झाड पडलं. त्यानंतर नीलकंठ नाही, आणि तीही नाही.

झाडाची लाकडं चुलीत गेली. ढोलीचा तेवढा पोकळ तुकडा गोठ्यात राहिला, त्यात कोंबड्या अंडी घालायच्या. शकुबाईने कोंबड्यांना हुसकलं आणि तो ओंडका माझ्यापुढे आणून टाकला. मी निवृत्त मास्तर, हातोडीशी माझं कधी जमलं नाही. तरी खाली फळी ठोकली, वर झाकण बसवलं. प्रफुलने सांगितलं की तोंड मुठीएवढं ठेवा, उघड्या शेताकडे करा, आणि भाजीवर फवारणी बंद करा, टोळ-नाकतोडे असले तरच तो येईल. मग त्यानेच कडुनिंबावर चढून ओंडका उंच बांधून दिला. त्या वर्षी भेंडी आम्ही कमी खाल्ली, किड्यांनी जास्त.

पहिल्या उन्हाळ्यात साळुंक्यांनी घर बळकावलं. शकुबाई काठी घेऊन झाडाखाली उभी राहायची. साळुंक्या तिला भीक घालत नव्हत्या.

दुसऱ्या वर्षी फाल्गुनात जोडी आली. मी स्वतः पाहिली. आभाळात उंच जायची, तिथून कोलांट्या घेत खाली यायची. एक ढोलीच्या तोंडाशी बसून आत डोकावलादेखील. शकुबाईने माझा दंड असा धरला की वळ उठला. त्याच संध्याकाळी तिने झाडाखाली सारवलं, नारळ ठेवला आणि निखाऱ्यावर ऊद टाकून ओवाळलं. देव दारी आला तर त्याला धूप दाखवायला नको? दुसऱ्या दिवशीही ओवाळलं, तिसऱ्या दिवशीही. कडुनिंबाच्या शेंड्यापर्यंत धूर जायचा आणि ती हात जोडून डोळे मिटून उभी राहायची. डोळे उघडले तेव्हा पाखरं गेलेली होती. ती पुन्हा आली नाहीत.

तिला कळेना आपलं काय चुकलं. सोमवार सुरू केले. शेवटी प्रफुलने झाडाखालची राख पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"काकू, मोहोळ काढाले लोक असाच धूर करते. माशा पयून जाते, तं पाखरू काऊन नाई पयन?"

शकुबाईने सूप आणलं. राख त्यात भरली आणि वांग्यांच्या बुडाशी टाकली. खूप वेळ तिथेच बसून राहिली.

त्यानंतर ती बदलली. फोनवर स्थळं काढणं बंद झालं. कशामुळे, ते मी विचारलं नाही, आणि तिने सांगितलंही नसतं. ड्युटी कशी आहे, पाऊस आहे का, एवढंच बोलायची. नीलिमाचे फोन हळूहळू पुन्हा आठवड्याला आले. फोन ठेवताना ती थट्टेने विचारायची, नीलकंठ आला का? शकुबाई म्हणायची, नाई वं, अजून नाई.

यंदा फाल्गुन लागताच शकुबाईने सांदवाडीचं दार लावून घेतलं. भांडी ती पुढच्या अंगणात घासायला लागली, कपडे तिकडेच वाळत घालायला लागली. मला मागे खोकायचीसुद्धा बंदी. स्वयंपाकघराच्या खिडकीला बोटभर फट होती, तिथून ती पाहायची, तेही मी पाहत नाही असं वाटलं की. तिची तगमग मला कळत होती. स्वतःच्याच घरात चोरासारखं राहायचं, आणि ज्याची वाट पाहतो त्याच्याकडे पाहायचंही नाही. मी तर दोनदा वैतागून म्हणालो की मरू दे ते पाखरू.

चैत्रात ते आलं आणि राहिलं. मादी आत बसायची, नर विजेच्या तारेवर. प्रफुलने लांबूनच पाहून सांगितलं की अंडी घातली आहेत, आता जाणार नाहीत. त्या दिवशी शकुबाईने शिरा केला. मी म्हणालो, लाव फोन पोरीला. ती म्हणाली, येईन ना तिचाच.

फोन रविवारी आला. मागचं दार वाऱ्यासाठी जरासं उघडं होतं आणि आम्ही उंबऱ्याशी बसलो होतो. फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर. ड्युटी झाली, पाऊसपाणी झालं. नीलिमा म्हणाली, "बरं, नीलकंठ आला का?"

शकुबाईने समोर पाहिलं. तारेवर तो चांगला छाती काढून बसला होता.

"नाई वं," ती म्हणाली. "नाई आला."

मी तोंड उघडलं, तर तिने माझ्या गुडघ्यावर हात दाबला. माझा संताप झाला. एवढ्या उन्हाळ्यांची मेहनत, आणि ही बाई खोटं बोलते? तेवढ्यात तारेवरचा ओरडला. जसा तो ओरडतो तसा, कर्कश, सारी वाडी डोक्यावर घेऊन.

"माय, कोन ओरडलं?"

"कावळा."

"कावळा असा नाई ओरडत."

शकुबाईने फोन जवळ ओढला. मग ती हळूच म्हणाली, "आला मनलं आन तरीबी तू नाई आली, तं मंग मी कशाची वाट पाहू वं, पोरी?"

इतकी वर्षं मी हिला भोळी समजत होतो. मला उंबऱ्यावरून उठून जावंसं वाटलं.

तिकडे कोणीतरी सिस्टर, सिस्टर म्हणून हाक मारत होतं. नीलिमाने फोन ठेवला नाही.

"बाबा," ती म्हणाली, "पिलं कवा उडते?"

मी सांगितलं, अजून अंडीच आहेत.

"मंग हाये वेळ," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

शकुबाई फोनकडे पाहत राहिली. परत लावून 'कधी येतेस' विचारायचं तिच्या अगदी ओठांशी आलं होतं, मला दिसलं. तिने फोन माझ्या हातात दिला, मागचं दार आवाज न करता ओढून घेतलं, आणि पुढच्या अंगणात भांडी घासायला गेली.